‘बसतंय की’ म्हणून बसवलेला बोल्ट: अँबॅसिडरच्या मॅनिफोल्डचे नट पुन्हा पुन्हा का ढिले होतात

गाडी १९८४ची अँबॅसिडर, मार्क फोर, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. तक्रार एकच, पण चिवट. सकाळी थंड इंजिन चालू केलं की बॉनेटखालून फट्-फट्-फट्. गाडी जरा तापली की आवाज निम्मा, कोल्हापूर सोडेपर्यंत विसरायलाही होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शेजाऱ्यांची झोपमोड.

हा आवाज एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या बिडाच्या नळकांड्याच्या, पॅकिंगमधून निसटणाऱ्या धुराचा, हे कुणीही सांगेल. थंड असताना बीड आकसलेलं असतं आणि फट उघडी राहते, तापल्यावर बीड फुगून ती बुजते. गाडी गॅरेजात नेली. पॅकिंग बदललं, नट आवळले, गाडी गप्प झाली. अडीच महिन्यांनी पुन्हा सुरू. दीड वर्षात पॅकिंग चार वेळा बदललं आणि दर वेळी कारण नवं मिळालं: पॅकिंग हलकं होतं, नट जुने होते, मॅनिफोल्ड वाकलंय, आणि शेवटी ते हमखास वाक्य, ‘जुनी गाडी आहे साहेब, एवढं चालायचंच.’

पाचव्या वेळी मी स्वतःच पाना लावला. मागून दुसरा नट फिरतच राहिला. आवळतोय, आवळतोय, पण हाताला जोर म्हणून लागेना. थोड्या वेळाने नटासकट अख्खा स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेला, बिनडोक्याचा बोल्ट) बाहेर आला. त्याच्या आट्यांत बिडाचा काळा भुगा भरलेला.

तो स्टड खिशात टाकून मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका ओळखीच्या टर्नरकाकांकडे गेलो. ‘असाच एक करून द्या,’ म्हटलं. त्यांनी स्टड हातात घेतला, माझ्याकडून शेजारच्या स्टडचा नट मागून घेतला आणि तो यावर चढवून पाहिला. दोन-अडीच आटे चढला आणि अडकला.

‘ह्यो आठ एमएमचा हाय. तुमच्या गाडीला अडीच सुती बारीक आटा लागतोय. कुणी घातला?’

‘काय माहीत. गाडी आमच्याकडे आली तेव्हापासून असेल.’

‘बसतंय की, म्हणून घातला असणार.’

दीड वर्षाचं कोडं तिथंच सुटलं. आणि एक गोष्ट कळली, जी या लेखात मला सगळ्यात जास्त ठासून सांगायची आहे: जो बोल्ट ढिला होतो, तुटतो किंवा आटे मारतो, तो नमुना म्हणून दुकानात घेऊन जाऊ नका. आपण सगळे नेमकं तेच करतो. तो बाहेर आला म्हणजे तोच चुकीचा असण्याची शक्यता जास्त. दुकानदार बिचारा तुम्ही दाखवलात तंतोतंत तसाच देतो, आणि चूक नव्या पॉलिशसकट पुन्हा इंजिनात जाते. नमुना काढायचा तो शेजारचा, कधीही त्रास न दिलेला.

आता हे ‘जवळपास बसणं’ इतकं फसवं का, ते पाहू. काकांचं अडीच सुती म्हणजे पाच-सोळांश इंच, म्हणजेच ७.९४ मिलिमीटर. आठ एमएमचा बोल्ट नावाप्रमाणे ८.०० मिलिमीटर. फरक केसाएवढा. शिवाय कुठलाच बोल्ट नावाच्या मापाला पूर्ण उतरत नाही, थोडा बारीकच असतो. व्हर्नियरने ७.८५ आलं तर तो अडीच सुती असू शकतो आणि आठ एमएमही, दोघांच्या मापांच्या मर्यादा एकमेकींवर चढलेल्या आहेत. म्हणजे जाडी मोजून या दोघांत निवाडा होत नाही. निवाडा होतो आट्यांवर. पाच-सोळांशाच्या बारीक आट्याला, म्हणजे यूएनएफला, एका इंचात २४ आटे, म्हणजे दोन आट्यांमध्ये साधारण १.०६ मिलिमीटर अंतर. साध्या आठ एमएमला ते अंतर १.२५. दोन-तीन आटे जुळतात, मग भांडण सुरू होतं. पान्याला पाइप लावून ते भांडण जिंकता येतं, पण हरतं ते बीड.

माझ्या हेडचं, म्हणजे इंजिनाच्या ज्या वरच्या बिडात हे स्टड बसतात त्याचं, तेच झालं होतं. कुणीतरी भोकातून आठचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवला होता. जुने आटे पूर्ण गेले नाहीत, नवे पूर्ण पडले नाहीत, एकमेकांना छेदणारी अर्धवट रांगोळी तेवढी उरली. असा स्टड आवळल्यावर धरतो, गाडी गरम-गार होत राहिली की ती टोकं चुरगळत जातात. अडीच महिने हा बहुधा त्या चुरगळण्याचाच हिशोब होता. पॅकिंगचा यात काही दोष नव्हता.

सुताची गोष्ट नव्या मंडळींसाठी सांगून टाकतो. आपल्याकडे हार्डवेअरवाले आणि फिटर इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत धरतात. पाव इंची बोल्ट दोन सुती, पाच-सोळांश अडीच सुती, तीन-अष्टमांश तीन सुती, अर्धा इंची चार सुती. हे शब्द वापरले की जुन्या दुकानात काम निम्म्या वेळात होतं. मात्र सुतात जाडी कळते, आटा नाही. ‘अडीच सुती द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा जाड आट्याचा, यूएनसी किंवा त्याहून जुन्या ब्रिटिश पद्धतीचा व्हिटवर्थ, हातात पडतो. म्हणून ‘बारीक आटा, इंचात चोवीस’ हे शब्द सोबत हवेतच.

आणि गंमत पाहा. वजन-मापांचा मेट्रिक कायदा आपल्याकडे १९५६ला झाला, १९५८पासून तो टप्प्याटप्प्याने अंमलात आला. नेमक्या त्याच सुमारास बंगालातल्या उत्तरपाड्याला ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या साच्यातून अँबॅसिडर निघू लागली. देश मीटरवर निघाला होता आणि देशाची गाडी इंचावर. इंजिन मूळचं ब्रिटिश बी-सीरिज, आणि त्याचे आटे अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी १९४८ला मिळून ठरवलेल्या युनिफाइड पद्धतीचे. यूएनएफ म्हणजे त्यातला बारीक, यूएनसी म्हणजे जाड.

म्हणून गाडीचं वय आणि इंजिन आधी पक्कं करा. १४८९ सीसीचं जुनं इंजिन असेल तर इंच. १९९० नंतरच्या इसुझूच्या १८१७ सीसी इंजिनाची गाडी असेल तर इंजिन मेट्रिक, पण त्याच गाडीच्या बॉडीला आणि चासीला इंचाचे बोल्ट भेटतात. प्यूजोचं डिझेल इंजिन असलेल्या जुन्या महिंद्रा जीपवाल्यांना हा संसार ठाऊक आहे: एका पेटीत दोन संच पाने, आणि हवा तो नेहमी दुसऱ्या पेटीत. प्रीमियर पद्मिनीवाल्यांनी फार हसू नये. त्यांचं इंजिन फियाटचं, मेट्रिकच, पण दहा एमएमचे बरेच बोल्ट १.२५ पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). हार्डवेअरच्या दुकानात ‘दहाचा बोल्ट’ मागितला की मिळतो १.५ पिचचा. तोही दोन-तीन आटे छान बसतो.

पान्यावरूनही अंदाज लागतो. अडीच सुती यूएनएफच्या नटाला अर्धा इंची पाना लागतो, म्हणजे १२.७ मिलिमीटर. साध्या आठ एमएमला १३चा. जुन्या नटावर १३चा पाना किंचित हलतोय आणि अर्धा इंची मस्त बसतोय, तर समजा मूळचा माल आहे. गॅरेजात अर्धा इंचीचा पाना नसतोच, सगळीकडे १३ चालवतात, म्हणून या गाड्यांचे निम्मे नट गोल झालेले सापडतात. जपानी इंजिनात आणखी एक मेख आहे: त्यांच्या आठ एमएमच्या बोल्टला बहुधा १२चा पाना बसतो आणि दहाच्या बोल्टला १४चा. पाना हा पुरावा म्हणून चालतो, निकाल म्हणून नाही.

निकालासाठी पिच गेज (आट्यांवर बसवून पाहायच्या दातेरी पानांचा संच) घ्या, फार महाग नसतो. नसेल तर व्हर्नियरने दहा आट्यांची लांबी मोजा, एका शिखरापासून अकराव्या शिखरापर्यंत. १०.६ आली तर इंचात चोवीस. १२.५ आली तर १.२५ पिच. १४.१ आली तर अडीच सुती जाड आटा, इंचात अठरा. १५ आली तर १.५. एका आट्यातला फरक डोळ्याला दिसत नाही, दहा आट्यांत लपत नाही. व्हर्नियरही नसेल तर खात्रीचा बोल्ट आणि संशयाचा बोल्ट आट्यात आटा घालून उजेडाकडे धरा. मधून प्रकाश दिसला की आटा वेगळा. एक सावधगिरी मात्र घ्या: यूएनएफमध्ये अडीच सुती आणि तीन सुती दोन्हींना इंचात चोवीसच आटे आहेत, गेजचं एकच पान दोघांना बसतं. तिथं जाडी बघावी लागते. दोन सुतीला अठ्ठावीस.

स्टड असेल तर दोन्ही टोकं वेगवेगळी मोजा. बिडात किंवा ॲल्युमिनियममध्ये जाणारं टोक जाड आट्याचं आणि नटाकडचं बारीक, अशी मांडणी पुष्कळ इंजिनांत असते, कारण ठिसूळ किंवा मऊ धातूत जाड आटा जास्त टिकतो. नट बसला म्हणजे दुसरं टोकही तसंच असणार, असं धरून चालू नका. मी शेजारचा स्टड तीन दिवस तेल पाजून, दोन नट एकमेकांवर घट्ट करून, खालच्या नटाला पाना लावून अलगद काढला आणि दोन्ही टोकं मोजून वहीत लिहून ठेवली. लांबीही लिहिली. भोक आंधळं, म्हणजे आरपार नसलेलं, असेल आणि बोल्ट दोन-तीन मिलिमीटर लांब असेल तर तो तळाला टेकतो. तुम्हाला वाटतं घट्ट झाला, प्रत्यक्षात फ्लँज (बोल्टखाली आवळायचा काठ) मोकळाच. नव्या बोल्टनंतरही गळती थांबत नसेल तर हे आधी तपासा. भोकात तेल साचलेलं असताना बोल्ट आवळू नका, तेल दाबलं जात नाही आणि बीड तडकतं.

आता ग्रेड, म्हणजे बोल्टची ताकद. यूएनएफ बोल्टच्या डोक्यावर मध्याकडून कडेला जाणाऱ्या तीन रेघा असतील तर ग्रेड पाच, सहा असतील तर आठ. मेट्रिकवर सरळ ८.८, १०.९, १२.९ असे आकडे असतात. ग्रेड पाच आणि ८.८ ताकदीला जवळपास सारखे, ग्रेड आठ आणि १०.९ सारखे. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट फाटकाला वापरा, इंजिनाला नको. पण ‘जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला’ हेही खरं नाही. मला एकाने १२.९चे काळे ॲलन बोल्ट सुचवले होते. मॅनिफोल्डच्या जागी ताकदीचा प्रश्नच नसतो, प्रश्न असतो तापण्या-गार होण्याचा, आणि तिथं कडक धातू चटकन मोडतो. १०.९च्या वरच्या बोल्टवर बाजारू झिंक पॉलिश असेल तर तर मुळीच नको. प्लेटिंगमध्ये शिरलेल्या हायड्रोजनने असे बोल्ट काही न सांगता, उभ्या गाडीतही तुटतात. स्टेनलेसचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. चकाकतं छान, पण स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट गरम जागी असा जाम होतो की नंतर ग्राइंडरशिवाय सुटत नाही.

माल कुठे मिळेल? मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी. वहीतली मापं घेऊन गेलात तर यूएनएफ बोल्ट अजून मिळतात, आणि ‘ट्रॅक्टरचा आहे का’ असं उलट विचारलं जातं, कारण जुन्या ट्रॅक्टरांमुळेच हा माल जिवंत आहे. भंगार बाजारात त्याच इंजिनाचा मूळ बोल्ट मिळाला तर नव्यापेक्षा मला तो आवडतो, फक्त आट्यांवर नट हाताने शेवटपर्यंत फिरवून बघा. मध्येच कुठे सैल, कुठे घट्ट लागला तर बोल्ट ताणला गेलेला आहे, परत ठेवा.

मॅनिफोल्डचा स्टड बाजारात मिळाला नाही तर लेथवर करून घ्यायला हरकत नाही. उद्यमनगरात पोलादाच्या ईएन-८ आणि ईएन-२४ दोन्ही जातींचे बार मिळतात. या कामाला ईएन-८ पुरे. पण ही मुभा सगळ्या बोल्टांना नाही. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, फ्लायव्हीलचे बोल्ट, हेडचे स्टड लेथवर करून घेऊ नका. कंपनीच्या बोल्टचे आटे दाबून काढलेले असतात, लेथवर ते कापले जातात, आणि कापलेल्या आट्याच्या मुळाशी राहिलेली धारदार खाच हीच पुढच्या तड्याची सुरुवात असते. मिनिटाला तीन हजार वेळा ओढ बसणाऱ्या बोल्टला ती खाच परवडत नाही.

माझ्या हेडचं भोक कसं वाचवलं ते सांगतो. दोन रस्ते होते. एक, भोक मोठं करून तीन सुती आटा पाडायचा आणि एका टोकाला तीन सुती, दुसऱ्या टोकाला अडीच सुती असा पायरीचा स्टड करायचा. दुसरा, हेलिकॉइल, म्हणजे भोकात नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग, बसवायची. काकांचं मत पायरीच्या स्टडकडे होतं, ‘तारंची स्प्रिंग कशाला’ म्हणून. मी हेलिकॉइल घेतली, कारण त्या भोकाभोवती मांस कमी आहे आणि हेलिकॉइलला ८.३च्या आसपासचं ड्रिल पुरतं. हेड उतरवून, मशीनवर सरळ बांधून, मगच ड्रिल लावलं. गाडीत वाकून हातड्रिलने हे करू नका. भोक तिरकं गेलं की मॅनिफोल्डच बसत नाही, आणि खोल गेलं की पाण्याच्या जॅकेटात शिरतं. ड्रिलवर खोलीची चिकटपट्टी लावा. स्टड भोकातच तुटला असेल तर इझी-आउटचा (तुटका स्टड उलटा फिरवून काढायच्या हत्याराचा) नाद शेवटी. तो आत मोडला तर त्याचं पोलाद इतकं कडक असतं की साधं ड्रिल त्यावरून नुसतं घसरतं. तुटक्या स्टडवर नट वेल्ड करून, त्या उष्णतेतच फिरवून काढणं जास्त यशस्वी होतं.

स्टड बसला. काम संपलं असं मला वाटलं होतं. वाटलंच फक्त.

या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट, दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला आहेत. काही स्टडवर एकच जाड वायसर दोघांच्या फ्लँजवर मिळून बसतो, अर्धा याच्यावर, अर्धा त्याच्यावर. दोन्ही फ्लँजची जाडी सारखी असेल तरच तो सपाट बसणार. माझ्या गाडीचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कधीतरी बदललेलं होतं. त्याचा फ्लँज इनटेकपेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर जाड निघाला. वायसर तिरका, त्यामुळे नट तिरका, आणि इनटेकच्या बाजूला दाब जवळपास नाहीच. नट कितीही चांगला घाला, असा तो सुटणारच. दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र जोडून तोंड एका पातळीत घासून घेतलं, एक्झॉस्टच्या फ्लँजची वायसरकडची बाजू उतरवून जाडी जुळवली. वायसर जाडच हवेत. पातळ वायसर वाटीसारखा वाकतो. हार्डवेअरच्या दुकानातले दोन पातळ वायसर एकावर एक घालणं म्हणजे ती वाटी दुप्पट करणं.

नट पितळेचे वापरले. पितळ तापून गंजत नाही, स्टडला चिकटत नाही, आणि पुढच्या वेळी जोर लागला तर नटाचे आटे जातील, हेडचे नाही. नायलॉनचा लॉक-नट इथं घालू नका. एक्झॉस्टच्या उष्णतेत नायलॉन वितळतं, उरतो साधा नट. स्प्रिंग वायसरही तिथं तापून मऊ पडतो, मग नावापुरता राहतो. आवळताना टॉर्क रेंच लावला, १५ फूट-पाउंड, म्हणजे साधारण २० न्यूटन-मीटर. इतकं कमी? मलाही हात थांबवणं जड गेलं. पाना हातभर लांबीचा असेल तर हे दोन बोटांचं काम आहे. मधल्या नटापासून सुरू करून दोन्ही बाजूंना, दोन फेऱ्यांत.

पहिल्या तापल्या-गार झाल्या फेरीनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, पुन्हा रेंच लावायचा. नवं पॅकिंग दबतं, ते टळत नाही. माझा प्रत्येक नट तेव्हा अष्टमांश फेरा पुढे गेला. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा लावला, एकही हलला नाही. गणपतीत पॅकिंग घातलं होतं, आता दुसरा गणपती आला, तेच पॅकिंग आहे.

सकाळी फट्-फट् नाही. मात्र चार नंबरच्या टॅपेटची टिकटिक आता स्पष्ट ऐकू येते. ती इतके दिवस या आवाजाखाली झाकलेली होती. रॉकर कव्हर, म्हणजे त्यावरचं झाकण, रविवारी उघडतो, आणि त्याचे दोन नट काढायच्या आधी आटे मोजतो.